मगाच्या बुडाशी

मिस्टर लार्टर दर गुरुवारी येतात,
रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, पिशवीची घडी घालतात, जातात.
बेरिल गेल्यापासून चार महिन्यांत
स्टॅलमच्या या काउंटरवर त्यांनी ठेवलेले शब्द
एका हाताच्या बोटांवर मावतील.
हो. नाही. गार आहे. ठीक.

आज वर्तमानपत्राची एक सुरळी पुढं सरकवली.
आत मूळ, चिखल अजून ओला.
ग्लॅडन, म्हणाले, आमच्या घराखालच्या पाणथळीतलं.
बेरिल चादरींच्या थप्पीत पानं घालायची,
कसर लागत नाही.
तिच्या आजीच्या वेळी चर्चच्या फरशीवर पसरायचे,
लोकांच्या बुटांखाली चुरडलं की सगळ्या प्रार्थनेला वास.
तुम्ही औषधातल्या. तुम्हाला ठाऊक असेल.

मी साल नखानं खरवडली.

वेखंड.

सांगलीची हौसाक्का, बाळंतिणींना न्हाऊ घालणारी,
मनगटाएवढी तिची सहाण आणि तोंडात हिशेब:
हरड्याचे तीन वळसे, मुरुडशेंगेचे दोन,
वेखंडाचा एकच, तोही हात उचलून.
न्हाणं झालं की टाळूवर पूड.
पोट फुगलं तर बेंबीभोवती कोमट लेप,
नाक वाहिलं तर कपाळावर आडवं बोट.
आणि ज्याची जीभ जड
त्याच्या जिभेवर मधातून, पहाटे, कुणाशी न बोलता.
संस्कृतात याला वचा म्हणतात
हे मला फार उशिरा कळलं, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
त्याच पानावर दोन ओळी खाली असारोन होतं.
पोटात देऊ नये.
हे वाक्य मी इथं तीन भाषांत सांगितलंय लोकांना,
चष्मा नाकावर सरकवून.

घरी कैवल्य. दोन वर्षं नऊ महिने.
भूक लागली की चमचा आणून माझ्या मांडीवर ठेवतो.
पाणी हवं तर नळाकडं माझा हात ओढतो.
स्पीच थेरपीची यादी एकतीस आठवड्यांची,
पत्रात लिहिलंय की दरम्यान त्याच्याशी भरपूर बोला.
मी बोलते. भांडी घासताना, बसमध्ये,
भाजीचे भावसुद्धा सांगते.

रात्री सहाण नव्हती.
चहाचा मग पालथा घातला,
बुडाला जिथं चकाकी नसते ते खरखरीत कडं,
त्यावर एक वळसा. हात उचलून.
तो खुर्चीवर चढून बघत होता.
माझं बोट त्याच्या ओठांपासून वीतभर लांब,
आणि माझ्यातल्या दोन बायका
एकमेकींकडं न बघता उभ्या.

मी बोट माझ्याच कपाळावर पुसलं.

त्यानं वाकून वास घेतला,
नाक मुरडलं, शिंकला,
आणि शिंकेचा आवाज कुठून आला म्हणून
ओट्याखाली शोधत बसला.
बोलला नाही. उगाच काही सांगायचं नाही मला.

पुढच्या गुरुवारी मिस्टर लार्टर म्हणाले,
लागू पडलं का?
कशाला, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.
मी विचारलं, बेरिल पानं कधी काढायची, फुलं येण्याआधी की नंतर?
आणि ते बोलू लागले.
आधी, नेहमी आधी, आणि गुडघाभर पाण्यात,
माझे बूट घालून, मोठे व्हायचे तिला,
एकदा एक बूट चिखलातच राहिला,
तशीच एका पायानं घरी आली, हसत,
मागं रांग वाढत गेली,
कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं,
मी गोळ्यांची पिशवी हातातच धरून ठेवली.

जाताना दारात थांबून विचारलं,
तुमच्याकडं काय म्हणतात?
वेखंड.
वेकंड, म्हणाले. वेक-हंड.
ख त्यांच्या घशात उतरेना,
तरी रस्ता ओलांडेपर्यंत ओठ हलताना दिसत होते.

मगाच्या बुडाला फिकट तपकिरी कडं राहिलंय.
घासलेलं नाही अजून.